मुलांना घेऊन बाउंड्री वॉटर्सची कनू ट्रिप: परमिटपासून परत येईपर्यंत सगळं

जुलै उजाडला की मिनियापोलिसच्या आपल्या मराठी ओळखीतून कोणी ना कोणी विचारतंच, मुलांना घेऊन बाउंड्री वॉटर्सला जायचंय, जमेल का? जमतं. आम्ही तीनदा जाऊन आलोय, पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरला ७ चा आणि धाकटी ४ ची होती, आता तो १० चा आहे आणि ती ७ ची. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा, अंतर कमी ठेवायचं. नकाशावर बघून जेवढं जाऊ असं वाटतं त्याच्या निम्मंच ठरवायचं आणि दुपारी २ च्या आत तंबू लागलेला पाहिजे. बाकी सगळं शिकता येतं, विकत मिळतं, भाड्याने मिळतं, पण दमलेलं, भिजलेलं, भुकेलं पोर संध्याकाळी ६ ला तळ्याच्या मधोमध रडायला लागलं की काही म्हणता काही सुचत नाही.

जागा नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मिनेसोटाच्या अगदी उत्तरेला कॅनडाच्या हद्दीला लागून सुपीरियर नॅशनल फॉरेस्ट आहे, त्यातला १० लाख एकरांहून मोठा भाग म्हणजे बाउंड्री वॉटर्स. हजाराच्या वर तळी, आत रस्ता नाही, दुकान नाही, वीज नाही, फोनला रेंज मिळेल असं धरून चालूच नका. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने हा भाग राखला आणि १९७८ मध्ये ह्याच्यासाठी वेगळा कायदा झाला, त्यामुळे बहुतेक तळ्यांवर मोटरबोट चालत नाही, वल्हं मारतच जायचं. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मधे जंगलातून पायवाट असते, तिला पोर्टेज म्हणतात, तिथे कनू (वल्ह्याची अरुंद, हलकी होडी) आणि सगळं सामान खांद्यावर घेऊन चालायचं. ह्या वाटा इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या आहेत, बर्चच्या सालीच्या हलक्या कनू घेऊन ते ह्याच वाटांनी जायचे, फरचे व्यापारी नंतर आले. मुलांना हे वाटेवर सांगा, पायाखालच्या झिजलेल्या दगडाकडे ती वेगळ्या नजरेने बघतात.

पोर्टेजचं अंतर मैलात नाही, रॉडमध्ये मोजतात. १ रॉड म्हणजे १६.५ फूट, साधारण एका कनूएवढी लांबी, आणि ३२० रॉडचा १ मैल होतो. हे पाठ करा, कारण सगळा प्लॅन ह्यावरच उभा राहतो.

परमिट जानेवारीतच

१ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामाला जायचं तर कोट्याचं परमिट लागतं, म्हणजे प्रत्येक एंट्री पॉइंटने (आत शिरायच्या ठरलेल्या जागेने) रोज ठराविक ग्रुपच सोडतात. जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी ९ वाजता (आपल्या सेंट्रल टाइमने) रिक्रिएशन डॉट गव्ह वर बुकिंग उघडतं. आधी अकाउंट काढून ठेवा, लॉगिन करून बसा आणि दोन-तीन तारखा, दोन-तीन एंट्री पॉइंट कागदावर लिहून ठेवा, कारण ऑगस्टमधल्या चांगल्या एंट्री पॉइंटचे वीकेंड बघता बघता जातात. परमिट हे ठराविक एंट्री पॉइंटचं आणि ठराविक तारखेचं असतं, त्या दिवशी तिथूनच आत शिरायचं, आत गेल्यावर मात्र कुठल्याही रिकाम्या ठरलेल्या कॅम्पसाइटवर राहता येतं. बुकिंगचे ६ डॉलर, शिवाय मोठ्या माणसाचे १६ आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांचे ८, हे पूर्ण ट्रिपचे, रोजचे नाहीत. एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ कनू, मुलं पण मोजतात, म्हणजे चार-चार जणांच्या तीन फॅमिली एका परमिटवर मावत नाहीत हे मित्रांना शब्द देण्याआधी बघा. लीडर म्हणून ज्याचं नाव असेल त्यानेच आयडी दाखवून परमिट उचलायचं, म्हणून पर्यायी लीडरचं नाव पण बुकिंग करतानाच टाका, ऐन वेळी कोणाला ताप आला तर सगळ्यांचं राहायला नको. परमिट आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी मिळतं, आणि देताना नियमांचा व्हिडिओ दाखवतात, तो मुलांना पण नीट बघू द्या.

जानेवारी हुकला तरी हातपाय गाळू नका. लोक कॅन्सल करत असतात, जूनपासून रोज एकदा बघत राहा. आमची दुसरी ट्रिप अशीच मिळाली.

कधी जायचं

मे महिन्यात पाणी इतकं गार असतं की कनू उलटली तर पोहता येणारा माणूस पण काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. मेअखेर ते जून डास आणि काळ्या माश्यांचा, मुलांच्या कानामागे फोड येतात. जुलै चांगला, पाणी उबदार आणि उजेड रात्री ९ पर्यंत. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा, डास बरेच कमी झालेले असतात, रानातल्या ब्लूबेरी शेवटच्या का होईना मिळतात आणि शाळा अजून सुरू झालेली नसते. रात्री मात्र गारठा असतो, स्वेटर-टोपी लागतेच.

रूट

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी लेक वनच सांगते, एंट्री पॉइंट ३०. मिनियापोलिसहून ईली गाव साधारण चार-साडेचार तास, ईलीहून फर्नबर्ग रोडने थेट शेवटपर्यंत जायचं, रस्ता संपतो तिथेच पाणी. लेक वनमधून लेक टूला जाताना दोन छोटे पोर्टेज आहेत, एक ३० रॉडचा आणि दुसरा ४० च्या आसपास, आणि त्याच्या पुढे टू, थ्री, फोर ही तळी पाण्यानेच जोडलेली आहेत, परत सामान उचलायला लागत नाही. मोटरबोटी नाहीत. मुलांना पोर्टेज काय असतं ते कळतं आणि त्यांचा जीव पण जात नाही.

लेक वनची एकच अडचण आहे आणि ती छोटी समजू नका, ते तळं म्हणजे बेटांचा आणि खाड्यांचा गुंता आहे. पहिल्या वर्षी नकाशा मी मांडीखाली ठेवला होता, "डावीकडून गेलं की येईल" म्हणत आम्ही एका खाडीत शिरलो, ती पुढे बंद झाली, परत फिरलो तर प्रत्येक बेट सारखंच दिसायला लागलं, काळे खडक, वर पाइनची झाडं, बस. दीड तास गेला. तेव्हापासूनचा आमचा नियम असा की नकाशा पुढे बसणाऱ्याच्या समोर, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, कायम उघडा. धक्क्यावरून निघायच्या आधीच होकायंत्र लावून नकाशावरची उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा जुळवून घ्यायची आणि पुढे प्रत्येक बेट मागे पडलं की बोटाने नकाशावर सरकायचं. एकदा "आपण नक्की कुठे आहोत" हे सुटलं की मग नकाशा असून उपयोग नाही. फोनचं जीपीएस आहे म्हणून कागदी नकाशा टाळू नका, बॅटरी आणि पाणी दोन्ही दगा देतात. फिशर किंवा मॅकेन्झीचे वॉटरप्रूफ नकाशे घ्या, त्यात लाल ठिपके म्हणजे कॅम्पसाइट.

आमचा चार दिवसांचा प्लॅन साधा असतो. पहिल्या दिवशी लेक टू किंवा थ्रीपर्यंत जाऊन मिळेल ती चांगली साइट धरायची आणि तिथेच तीन रात्री राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिकामी कनू घेऊन लेक फोरला भटकून यायचं, मासे धरायचे, पोहायचं. चौथ्या दिवशी सकाळी निघायचं. रोज तंबू काढून पुढे जायचं हे मुलं १२-१३ ची झाली की करा. लेक थ्रीकडे जाताना जळून गेलेली आणि परत उगवणारी झाडी दिसेल, २०११ मध्ये पागामी क्रीकची आग ह्याच भागातून गेली, वीज पडून लागलेली ती आग ९० हजार एकरांवर पसरली होती. त्या जागी आता माणसापेक्षा उंच पाइन उभे आहेत, मुलांना आवर्जून दाखवा.

सामान: संख्या कमी, पिशव्या मोठ्या

पहिल्या वर्षीची दुसरी चूक. आमच्याकडे ११ डाग होते, दोन सॅक, कापडी पिशव्या, चटया, कॅमेऱ्याची बॅग, खाऊची वेगळी, पाण्याच्या बाटल्या सुट्या. ३० रॉडच्या पोर्टेजला पाच-पाच फेऱ्या झाल्या आणि एक चप्पल तिथेच राहिली. आता फक्त तीन मोठे पॅक, एक झोपायचं सामान, एक कपडे आणि तंबू, एक खाणं, आणि मुलांच्या पाठीवर त्यांच्या शाळेच्या सॅक. ह्या भागात त्यासाठी डुलुथ पॅक नावाची मोठी चौकोनी सॅक मिळते, डुलुथ शहरात १८८२ मध्ये तिचं पेटंट घेतलेलं आहे, कनूच्या तळात ती बरोब्बर बसते. प्रत्येक पॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी लावायची आणि तोंड पिळून बांधायचं. कनूमध्ये सुटं काही ठेवायचं नाही, हातातला मग पण नाही.

कपडे माणशी दोन जोड, एक ओला, एक सुका. दिवसभर ओला घालायचा आणि सुका फक्त तंबूपाशी, सकाळी परत तोच गारढोण ओला चढवायला नको वाटतं पण सुका जोड वाचवलाच पाहिजे. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा, वाळतच नाहीत. रेनकोट पॅंटसकट, प्रत्येकाला. बूट भिजणारच हे धरून चाला, चढता-उतरताना घोटाभर पाण्यात उभं राहावंच लागतं, म्हणून एक जुने बूट पाण्यासाठी आणि एक सुके तंबूपाशी. दोन हेडलॅम्प जास्तीचे, मोठी ताडपत्री आणि ५० फूट दोरी, पावसात चौघांना तीन तास तंबूत बसवण्यापेक्षा ताडपत्रीखाली पत्ते खेळत बसणं कितीतरी बरं. फर्स्ट एडमध्ये मुलांची तापाची औषधं, चिमटा (मासे धरायचे हूक आणि गोचीड दोन्हीसाठी), ॲलर्जीची गोळी. गोचीड रोज संध्याकाळी बघायची, काखेत, गुडघ्यामागे, केसात, कारण लाइम आजार इथे आहे. शक्य असेल तर सॅटेलाइट मेसेंजर (फोनला रेंज नसताना मेसेज पाठवणारं यंत्र) भाड्याने घ्या. आणि घरी कोणाला तरी लिहून द्या की कुठल्या एंट्रीने गेलो, कधी बाहेर येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, कळवायचं.

कनू आणि लाइफ जॅकेट ईलीतल्या आउटफिटरकडून (ट्रिपचं सामान देणारं दुकान) भाड्याने घ्या. केव्हलरची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) कनू मागा, साधारण १९-२० किलोची असते, ॲल्युमिनियमची त्याच्या दीडपट-पावणेदोनपट भरते आणि तो फरक पोर्टेजला मानेला कळतो. चौघांना दोन कनू बऱ्या, प्रत्येकीत एक मोठं आणि एक मूल, पण दोघांनाही वल्हं नीट येत असेल तरच. नाहीतर तीन माणसांची मोठी कनू आणि धाकटं मूल मधे खाली फोमवर. मिनेसोटात १० वर्षांखालच्या मुलांना पाण्यावर लाइफ जॅकेट कायद्यानेच घालावं लागतं, मी म्हणते सगळ्यांनीच घाला, चेन लावलेलं, पायाशी ठेवलेलं नाही.

आधी घराजवळ सराव

निदान तीन रविवार. आम्ही लेक हॅरिएटला जातो. पुढे बसणारा वेग देतो, मागचा दिशा देतो, म्हणून अनुभवी माणूस मागे. जे-स्ट्रोक (फटक्याच्या शेवटी वल्हं बाहेर वळवून कनू सरळ ठेवायची पद्धत) शिकला तर उत्तमच, नाही जमला तर दर आठ-दहा फटक्यांनी दोघांनी एकदम बाजू बदलायची, आमच्याकडे धाकटी मधे बसून मोजते आणि "बदला!" म्हणून ओरडते, तिला काम मिळतं आणि कनू सरळ जाते. उबदार दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम एकदा उलटवून बघा, मुलांना कळू दे की जॅकेट वर आणतं आणि कनू तरंगते, तिला धरून राहायचं, सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही. उभं राहायचं नाही, कडेवरून वाकायचं नाही, हे पण इथेच अंगवळणी पडतं.

पाण्यावर आणि पोर्टेजवर

सकाळी ७-८ ला निघा, दुपारी वारा वाढतो. मोठ्या तळ्यावर मधून न जाता किनाऱ्याच्या जवळून जा, लाटा आल्या तर गुडघ्यावर बसा आणि लाट थोडी तिरकी घ्या, आडवी कधीच नाही. ढगाचा पहिला गडगडाट ऐकला की लगेच किनाऱ्याला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. पांढऱ्या लाटा दिसत असतील तर निघूच नका, एक दिवस उशीर झाला तर झाला, म्हणूनच एका दिवसाचं जास्तीचं खाणं न्यायचं.

पोर्टेजला पोचलात की कनू आडवी लावून पाण्यातच उतरायचं, केव्हलर दगडावर ओढायची नाही, फाटते. आधी मुलं, मग पॅक, आणि सामान वाटेच्या एका बाजूला, मागून येणाऱ्यांना जागा राहिली पाहिजे. उचलायची पद्धत अशी: कनूच्या मधोमध उभं राहा, आपल्याकडची कड धरून ती मांड्यांवर चढवा, मग एक हात पलीकडच्या कडेला, एक अलीकडच्या कडेला, आणि गुडघ्याने थोडा झोका देऊन एका दमात डोक्यावरून पालथी घ्या, खांद्यावर मधला लाकडी योक टेकतो. पहिल्या दोन-तीन वेळा दुसऱ्याने पुढचं टोक वर धरावं, तुम्ही खालून आत शिरा, कमरेला जपा. एकदा तोल बसला की एका हाताने सुद्धा चालता येतं, फक्त समोरचं तीन पावलांचंच दिसतं, म्हणून आमचा थोरला पुढे चालतो आणि सांगतो, "बाबा दगड, बाबा मूळ, आता चिखल". दोन फेऱ्यांत सामान न्यायचं म्हणजे वाट तीनदा चालावी लागते, ३० रॉड म्हणजे १५० मीटर, तिनदा म्हणजे साडेचारशे. १०० रॉडचा पोर्टेज असेल तर तेच दीड किलोमीटर होतं, सामान आणि मुलांसकट, रूट ठरवताना हाच गुणाकार करा. निघताना दोन्ही टोकांना एकदा वळून बघा, टोप्या आणि बाटल्या इथेच राहतात.

कॅम्प

नकाशावरच्या ठिपक्यांवरच राहायचं, तिथे लोखंडी शेगडी आणि मागे जंगलात लॅट्रिन असतं. साइटचं बुकिंग नसतं, आधी येईल त्याची, लेक वनची एंट्री गर्दीची आहे म्हणून तर २ वाजता थांबायचं म्हणते. तंबू लावायच्या आधी मान वर करून बघा, वाळलेलं झाड किंवा अडकलेली फांदी डोक्यावर नको. १९९९ च्या ४ जुलैला इथे वादळाने लाखो एकरांवरची झाडं आडवी केली होती, वारा इथे चेष्टेचा विषय नाही.

लॅट्रिनबद्दल स्पष्ट सांगते कारण बायका मला हेच हळूच विचारतात. भिंती नाहीत, छप्पर नाही, झाडीत एक कमोडसारखा डबा असतो, बस. कागद स्वतःचा न्यायचा, सुक्या पिशवीत. आम्ही वाटेच्या तोंडाशी एक लाल टोपी फांदीला लावतो, टोपी नाही म्हणजे कोणी तरी गेलंय. मुलं दुसऱ्या दिवशी सरावतात. रात्री एकट्याने पाठवायचं नाही.

पाणी किनाऱ्यापासून लांब, कनूतून जाऊन तळ्याच्या मधून भरा आणि गाळून किंवा खळखळून उकळूनच प्या, दिसतं कितीही स्वच्छ तरी जिआर्डियाची (पोट बिघडवणाऱ्या जंतूची) भीती असते. भांडी, आंघोळ, दात घासणं पाण्यापासून २०० फूट लांब, बायोडिग्रेडेबल साबण असला तरी तळ्यात नाही. शेकोटीला खाली पडलेलं वाळकं लाकूड, मनगटाएवढं जाड, साइटपासून लांबून आणलेलं. उभ्या बर्चची साल काढू नका, झाडाला जखम कायमची राहते. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता आणि हात लावून बघा.

जेवण

आत धातूचे डबे आणि काचेच्या बाटल्यांमधलं खाणं न्यायला बंदी आहे. कॅन केलेले छोले नाहीत आणि आईने साताऱ्याहून पाठवलेलं काचेच्या बरणीतलं लोणचं पण नाही, ते रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या डबीत काढा आणि डबी दोन झिपलॉकमध्ये. आपल्या खाण्यातलं खूप काही ह्या ट्रिपला चपखल बसतं. मुगाची डाळ आणि तांदूळ घरीच भाजून, हळद-मीठ-हिंग-जिरं घालून एकेका जेवणाची पिशवी करायची, स्टोव्हवर कुकरशिवाय २५ मिनिटांत खिचडी होते. मेतकूट-भात-तूप, मुलं कंटाळत नाहीत. पिठल्याचं पीठ, आत वाळवलेला लसूण आणि तिखट घालून. भाजणी नेली तर थालीपीठ तव्यावर, पण पहिल्या संध्याकाळीच करा, नंतर कांदा चिरायची ताकद राहत नाही. सकाळी उपमा, दुपारी स्टोव्ह काढायचाच नाही, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या वड्या, चिक्की. वल्हं मारताना भूक दुप्पट लागते, घरच्यापेक्षा दीडपट धरा आणि चिक्की मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवा.

रात्री खाणं, कचरा, टूथपेस्ट, सनस्क्रीन, वासाचं सगळं एकत्र. काळी अस्वलं आहेत, म्हणून अन्न बेअर कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात) किंवा झाडाला टांगून ठेवायचा नियम आहे. टांगायचं तर १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट लांब. फांदी उजेडातच शोधा, दगड छोट्या पिशवीत घालून दोरीला बांधून फेकायचा, चौथ्या-पाचव्या वेळी बसतो, आणि मुलांना मागे उभं करा. तंबूत एक गोळी-बिस्कीट सुद्धा नको, अस्वलाआधी खार तंबू कुरतडते.

रात्री लूनचा आवाज येईल, हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. आमची धाकटी पहिल्या रात्री घाबरून माझ्या कुशीत शिरली होती, लांब हेल काढून कोणीतरी रडतंय असंच वाटतं. घरीच मुलांना तो आवाज ऐकवून न्या, मग ती जागी राहून वाट बघतात. उथळ खाड्यांत उभं गवत दिसलं तर त्यातून कनू घुसवू नका, तो जंगली तांदूळ असू शकतो, ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि १८५४ च्या कराराने त्यांचा ह्या भागातला शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क आजही कायम आहे.

बाहेर येताना

शेवटच्या दिवशी ६ ला उठा, न्याहारीला फक्त चहा-चिक्की, ८ ला पाण्यावर. शेगडीतली राख चाळून बघा, चंदेरी कागद आणि प्लॅस्टिक जळत नाही, ते सगळं आपल्या पिशवीत. धक्क्यावर आलात की कनूतलं पाणी तिथेच ओतून टाका आणि चिकटलेलं शेवाळ-गवत काढा, एका तळ्यातलं दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून मिनेसोटात तसा कायदाच आहे. ठरलेल्या माणसाला ईलीला पोचल्यावर पहिला फोन करा. आणि घरी कितीही रात्र झाली तरी तंबू आणि ताडपत्री त्याच दिवशी गॅरेजमध्ये उलगडून टाका, आम्ही एकदा सोमवारवर ढकललं आणि शुक्रवारी उघडला तेव्हा आतल्या कापडावर काळे ठिपके पडले होते, ते आजपर्यंत गेले नाहीत.